एका उंबऱ्यावर तीन नर

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, आमच्याकडे एक नर आहे, दुसरा आणलेला चालेल का?" "दोन भाऊ आहेत, लहानपणापासून एका ताटात जेवलेत, आता एकमेकांच्या जिवावर उठलेत, काय करू?" आणि एका काकांनी तर सरळच विचारलं, "तीन-तीन नर घरात ठेवून तुम्ही झोपता कशा?"

काका, झोपते. पण मधली सात-आठ महिने झोपत नव्हते. ती गोष्ट मी इथे कधी नीट सांगितली नाही, कारण त्यात चूक माझी होती. आज सांगते.

आधी आमच्या घरातली मंडळी सांगते. बंड्या सगळ्यात मोठा, लॅब्रेडॉर आणि अजून कसला तरी संकर. तो दीड वर्षाचा असताना त्याचं आधीचं कुटुंब परदेशी गेलं आणि तो आमच्याकडे आला. दुसरा खंडू, आमच्याच गल्लीतला गावठी, गटारात पडलेला पिल्लू असताना माझ्या मुलीने उचलून आणला. आणि तिसरा पाखऱ्या. तो मुधोळ हाउंड. आम्ही सांगलीकडचे, मुधोळ आम्हाला तसं लांब नाही, आणि ही जात आमच्याकडे लोक हौसेने पाळतात. माझ्या भावाच्या मित्राकडे पिल्लं झाली होती, त्यातला हा एक. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, नजरेवर शिकार करणाऱ्या जातीचा. म्हणजे काय, तर हलणारी वस्तू दिसली की आधी पाय पळतात, डोकं मागून येतं.

पाखऱ्या आला तेव्हा बंड्या साधारण सात वर्षांचा, खंडू तीनचा. पहिलं वर्ष इतकं छान गेलं की मी लोकांना सल्ले द्यायला लागले. पिल्लू बंड्याच्या अंगावर चढायचं, कान ओढायचं, बंड्या गप्प पडून राहायचा. मी फोटो काढायचे. आज ते फोटो बघते तेव्हा मला बंड्याचं तोंड दिसतं. मान वळवलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, ओठ आवळलेले. त्याला नको होतं ते. तेव्हा मला ते "किती समजूतदार आहे बघा" असं वाटायचं.

पिल्लाला मोठी कुत्री बरंच माफ करतात. पण नर कुत्रा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान खऱ्या अर्थाने मोठा होतो. अंगाने तो आधीच वाढलेला असतो, पण इतर कुत्र्यांशी वागण्यातला मोठेपणा या वयात येतो. आधी जे चालत होतं ते आता चालत नाही, दोन्ही बाजूंनी. एकत्र वाढलेल्या भावांची भांडणंही पुष्कळदा याच वयात सुरू होतात, आणि घरातले म्हणतात, "अचानक काय झालं कळत नाही." अचानक काही नसतं. आमच्याकडेही नव्हतं.

पाखऱ्या दोन वर्षांचा झाला त्या सुमाराला बंड्या गुरगुरायला लागला. पाखऱ्या शेजारून पळत गेला की गुरगुर. त्याच्या अंथरुणाजवळ आला की गुरगुर. आणि मी काय करायचे? "बंड्या! गप! लाज वाटत नाही, लहान आहे तो!" दर वेळी. सासूबाईंनी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, तो काहीतरी सांगतोय." मी म्हटलं, "आई, आत्ताच मोडली नाही ना ही सवय, तर डोक्यावर बसेल." तीनेक महिन्यांत बंड्याने गुरगुरणं सोडलं. मला वाटलं, जिंकले.

आता भाद्रपद. आपल्याकडे भादव्यातल्या कुत्र्यांवरून माणसांना टोमणे मारतात, ते उगाच नाही. गल्लीतल्या कुत्र्या पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि आजूबाजूचे सगळे नर वेडे होतात. बंड्या आणि खंडूची नसबंदी झालेली होती. पाखऱ्याची नव्हती, कारण भावाच्या मित्राला त्याच्यापासून पिल्लं हवी होती आणि मी भिडेखातर हो म्हटलं होतं. फाटकाबाहेर एक कुत्री माजावर होती. चार दिवस पाखऱ्या धड जेवला नव्हता. फाटक ते परसदार, परसदार ते फाटक, नुसत्या येरझाऱ्या आणि कण्हणं.

त्यात गौरीपूजनाचा दिवस. घरात पंचवीस-तीस माणसं, बाहेर ढोल, स्वयंपाकघरात पुरणपोळीचा वास. माझी मुलगी आरास मोबाईलवर टिपत होती. बंड्या त्याच्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामधल्या उंबऱ्यावर पसरलेला. कोणीतरी फाटक वाजवलं, पाखऱ्या आतून सुसाट निघाला आणि बंड्याच्या अंगावरून उडी मारायला गेला. पुढचं मला सलग आठवत नाही. आवाज आठवतो. ज्यांनी खरं भांडण ऐकलंय त्यांना कळेल, नेहमीच्या कळवंडीचा आवाज वेगळा आणि हा वेगळा.

मी काय केलं? जे कधी करू नये ते. मधे हात घातला, पट्टा धरायला. आणि मला चावला तो बंड्या. सात वर्षं माझ्या पायाशी झोपणारा, मुलीच्या तोंडातला घास न मागणारा बंड्या. तो मला चावायला आला नव्हता. त्या क्षणी समोर जे हललं त्याला त्याने धरलं. पण उजव्या हाताच्या अंगठ्याखाली दात आरपार गेले. शेवटी आमच्या ह्यांनी दिवाणावरची गोधडी दोघांवर टाकली, शेजारच्या दादांनी पाण्याची बादली ओतली, आणि दोघांना मागच्या पायांकडून ओढून वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं.

इथे थांबून एक सांगते. कुत्रा घरचा असो, लस दिलेली असो, चावला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, पंधरा. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. आणि मग दवाखाना. आमच्या तिन्ही कुत्र्यांची लसीकरणाची पुस्तकं पूर्ण होती, तरी डॉक्टरांनी जखमेत सीरमचं इंजेक्शन दिलं आणि लस दिली, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. "घरचाच आहे हो" म्हणून टाळू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही.

आणि कुत्र्यांच्या जखमा. पाखऱ्याचा कान फाटला होता, भरपूर रक्त, सगळे त्याच्याभोवती. बंड्याच्या मानेवर केसांत दोन बारीक भोकं होती, ती कोणाला दिसलीच नाहीत. चौथ्या दिवशी तिथे गळू झालं. दात आत खोल जातो आणि वरची कातडी मिटते. भांडण झालं की रक्त दिसो न दिसो, केस बाजूला करून सगळं अंग चाचपायचं आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

त्या रात्री घरात एकमत झालं. पाखऱ्याला पाठवायचं. तोच तरुण, तोच नसबंदी न झालेला, त्यानेच उडी मारली. मी भावाला फोन केला, त्याने शेतावर ठेवतो म्हणून कबूल केलं. रविवारी न्यायचं ठरलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शुक्रवारी गळू दाखवायला बंड्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "झालं कसं?" मी सांगायला लागले, पाखऱ्याने असं केलं, तसं केलं. ते म्हणाले, "सुरू कोणी केलं ते नको. त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत काय झालं ते सांगा." मला सांगता येईना. मुलगी म्हणाली, "आई, माझ्या व्हिडिओत असेल."

होता. गौरीच्या आराशीच्या डाव्या कोपऱ्यात, मागे, लहानसं दिसत होतं. फाटक वाजतं. बंड्या उठायचा प्रयत्न करतो. पुढचे पाय उठतात, मागचे उठत नाहीत. तो पुन्हा टेकतो. पाखऱ्या येताना दिसतो आणि बंड्या एकदम थिजतो. शेपूट नाही, कान नाही, काही हलत नाही. तोंड मिटलेलं. पाखऱ्या उडी मारतो, त्याचा मागचा पाय बंड्याच्या कमरेवर पडतो. आणि मग.

डॉक्टरांनी बंड्याचा मागचा पाय हलकाच मागे ओढला. तो कळवळला. एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले. लॅब्रेडॉरमध्ये हे पुष्कळ दिसतं. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसातलं नाही, बरेच महिने दुखत असणार. म्हणजे ज्या महिन्यांत तो गुरगुरत होता, ते महिने. तो म्हणत होता, "अंगावरून जाऊ नको, दुखतंय." आणि मी त्याला म्हणत होते, गप. त्याने ऐकलं. आज्ञाधारक कुत्रा. मी गुरगुर बंद केली होती, दुखणं तसंच होतं. मधली पायरी मी काढून टाकली, मग राहिली ती शेवटची.

मंडळी, या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावू नका. गुरगुर म्हणजे अजून वेळ आहे. ती ऐका, दोघांना शांतपणे लांब करा, आणि मग शोधा की तो असं का म्हणतोय.

आता लोक म्हणतात, "दोन नर म्हणजे बॉस कोण याचंच भांडण. एकदा होऊन जाऊ द्या, आपोआप ठरेल." ही कल्पना कुठून आली तेही सांगते. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. त्यातून "अल्फा" हा शब्द पसरला. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या त्यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकात तो वापरला. पण पुढे त्याच मेकनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे मुळात कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे गादीसाठी रोज मारामाऱ्या चालत नाहीत. आणि आपला कुत्रा तर लांडगाही नाही.

मग नर भांडतात कशावरून? अमेरिकेत घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांच्या ३८ जोड्यांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भांडण पेटायची कारणं काय निघाली? मालकाचं लक्ष, खाणं, गडबड-उत्साह, आणि सापडलेली एखादी वस्तू. आमच्या गौरीच्या दिवशी यातल्या तीन गोष्टी एकाच उंबऱ्यावर आल्या होत्या. वर भादवा, वर दुखणारा खुबा. आणि गंमत म्हणजे त्या अभ्यासात एकाच लिंगाच्या जोड्या जास्त होत्या खऱ्या, पण माद्यांचा वाटा नरांपेक्षा मोठा होता. तेव्हा "नर नको, दोन माद्या आणू, त्या शांत असतात" असं ठरवलं असेल तर जरा थांबा. दुसरा कुत्रा आणायचाच असेल तर एक नर एक मादी, दोघांचीही नसबंदी, आणि वयात दोन-तीन वर्षांचं अंतर, हे सहसा सोपं जातं. आणि एकाच वेतातली दोन पिल्लं एकदम आणू नका. दोघांना वेगवेगळं फिरवायला, वेगवेगळं शिकवायला आपल्याकडे वेळ नसतो.

रविवारी पाखऱ्या गेला नाही. भावाला कळवलं, थांब. आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते, पण कृपा करून जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पहिलं, बंड्याच्या दुखण्यावर उपचार. औषध डॉक्टरांनी दिलेलंच. आपल्या घरातली माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका, त्यातल्या काहींनी कुत्रा मरतो. त्याचं वजन सहा किलो कमी केलं, म्हणजे सासूबाईंची दुपारची चपाती बंद केली. हे सगळ्यात अवघड गेलं, बंड्याला नाही, सासूबाईंना. फरशीवर तो घसरायचा, तिथे जुनी सतरंजी अंथरली.

दुसरं, तीन आठवडे दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही. भांडणानंतर अंगातला ताण उतरायला वेळ लागतो. "आता सॉरी म्हणा एकमेकांना" म्हणून तोंडाला तोंड लावायला नेऊ नका.

तिसरं, दारं. सुताराकडून दोन जाळीची दारं करून घेतली, एक पडवीला, एक स्वयंपाकघराला. माझ्या मते अनेक नर असलेल्या घरात ही सगळ्यात उपयोगी वस्तू. भांडणं अंगणाच्या मधोमध क्वचित होतात. ती दारात, जिन्यात, दिवाण आणि भिंतीच्या फटीत होतात, जिथून बाजूला व्हायला जागा नसते. बंड्याचं अंथरूण उंबऱ्यावरून उचललं आणि मागच्या खोलीत, जिथून कोणाची ये-जा नाही, तिथे नेलं.

चौथं, जेवण. तिघं तीन खोल्यांत, दार लावून. जेवण झालं की वाडगी उचलायची, चाटूनपुसून रिकामी असली तरी. हाडं, चघळायच्या वस्तू, सगळं वेगवेगळ्या खोलीत.

पाचवं, पाखऱ्याची नसबंदी. यावर खूप गैरसमज आहेत. नसबंदीने मादीमागे पळणं, घरात मुतून खुणा करणं आणि नरा-नरांतली काही भांडणं कमी होऊ शकतात. पण अंगातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात, आणि भीतीतून किंवा दुखण्यातून आलेला राग तिने जात नाही. भित्र्या कुत्र्यात कधी उलटही होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना सगळं सांगूनच ठरवा. आमच्याकडे पाखऱ्याच्या येरझाऱ्या थांबल्या. बंड्याशी त्याचं जमलं ते निव्वळ त्यामुळे नाही.

सहावं, मुसकं. बैलाला घालतात तसलं नाही, जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. पंधरा-वीस दिवस त्यात खाऊ ठेवून दोघांना सवय लावली, तेव्हा कुठे घातलं. मग बाहेर फिरणं. एक मी, एक हे, मधे पूर्ण रस्त्याची रुंदी, दोघांचं तोंड एकाच दिशेला. दर काही दिवसांनी अंतर थोडं कमी. समोरासमोर कधीच नाही.

आणि खंडू? खंडूने या सगळ्यात काही केलं नाही. तो दोघांशीही नीट असतो. दोघांत ताण दिसला की मधून आडवा चालत जातो, जांभई देतो, जमीन हुंगतो. मी त्याच्याकडून शिकले. आता घरात हवा तापली की मीही ओरडत नाही. बिस्किटांचा डबा वाजवते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. शेवट "आणि मग तिघं सुखाने एकत्र नांदू लागले" असा नाही. खंडू आणि पाखऱ्या एकत्र असतात. खंडू आणि बंड्या एकत्र असतात. बंड्या आणि पाखऱ्या रस्त्यावर शेजारी चालतात, अंगणात आम्ही समोर असताना बसतात, पण घरात त्यांच्यामधे जाळी असते. आम्ही बाहेर गेलो तर नक्की असते. दिवसातून दहा वेळा घरात कोणी ना कोणी ओरडतं, "जाळी लावली का गं?" पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. आम्हाला नाही वाटत.

काही जण मला विचारतात, मग दुसरं घर शोधणं चूकच का? नाही. जखमा दर वेळी आधीपेक्षा खोल होत असतील, एक कुत्रा सतत दडून बसत असेल, घरात लहान मूल असेल आणि दारं सांभाळणं शक्य नसेल, तर एकाला चांगलं घर शोधून देणं ही हार नव्हे. कुत्र्यासाठी ते बरंच असतं. फक्त ते ठरवण्याआधी तिघांनाही, हो, ज्याची चूक वाटत नाही त्यालाही, डॉक्टरांच्या टेबलावर चढवा. मी जवळजवळ चुकीच्या कुत्र्याला शेतावर पाठवलं होतं. आणि पाठवला असता तर बंड्या घरातच राहिला असता, त्याच दुखऱ्या खुब्यासकट, आणि पुढच्या गौरीला एखादं लहान मूल त्याला ओलांडायला गेलं असतं.

परवाचीच गोष्ट. बंड्या आता अकरा वर्षांचा आहे. सतरंजीवर पडला होता, आणि मी केर काढत त्याच्या फार जवळ गेले. त्याने माझ्याकडे बघून बारीक गुरगुर केली. दोन वर्षांनी पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, "बरं बाबा, जाते." आणि केरसुणी घेऊन दुसऱ्या बाजूने गेले. संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून औषधाचं प्रमाण पुन्हा तपासून घेतलं.

तुमच्या घरात एकापेक्षा जास्त नर असतील तर आज रात्री फक्त एक करा. जेवणाच्या वेळी काही न बोलता दहा मिनिटं त्यांच्याकडे बघत बसा. कोण कोणाला दारातून जाऊ देतो, कोण तोंड फिरवतो, कोण थिजतो. काय दिसलं ते मला लिहून पाठवा. त्यातले काही प्रसंग घेऊन पुढच्या वेळी बोलू.

तोपर्यंत, जाळी लावा. नमस्कार.